डेटाशीट उघडायला काय झालं होतं?

बसू नकोस, उभाच राहा. टॉर्च टेबलावर ठेव. बटण दाबून काही होणार नाही, सेल काढून घेतलाय मी.

काल तुमच्या ट्रेकच्या टोळक्यातला तो उंच पोरगा सॅक घेऊन आला होता माझ्याकडे. वरच्या कप्प्याला रुपयाएवढं भोक. कडेचं नायलॉन वितळून घट्ट झालेलं, आतला टी-शर्ट करपलेला, आणि टॉर्च बाहेर ओढायला गेला म्हणून दोन बोटांना फोड. रात्रीचा राजगड चढताना सॅकमध्ये बटण दाबलं गेलं आणि वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. बटण चुकून दाबलं जातं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्यावर तू त्याला काय सांगितलंस? "पॉवरफुल आहे ना भावा, तेवढं गरम होणारच." सॅकचं भोक मी एक वेळ विसरेन. हे वाक्य विसरणार नाही.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी हा टॉर्च उघडला. आत काय सापडलं ते आता ऐक, आणि मधे "पण सर" नको. तुझं "पण सर" कुठे येणार तेही मला ठाऊक आहे.

यात मुळात काय होतं ते तरी आठवतंय का? १८६५० चा एक सेल, क्रीचा एक्सएम-एल२ एलईडी, आणि मधे १७ मिलिमीटरची गोल पाटी, तिच्यावर एएमसी ७१३५ च्या आठ चिपा. एक चिप ३५० मिलिअँपियर सोडते, त्याच्या वर नाही. आठ जणी मिळून २.८ अँपियर. एलईडीच्या डेटाशीटमध्ये कमाल करंट लिहिलाय ३ अँपियर. म्हणजे ज्या कुणी ती पाटी केली त्याने डेटाशीट वाचलं होतं, वर थोडी जागा ठेवली होती आणि मगच टाके मारले होते. दिसायला गरीब ड्रायव्हर, पण सेल बराच उतरेपर्यंत एलईडीच्या पदरात २.८ टाकायचा. जास्तीचं व्होल्टेज चिपा स्वतः तापून खायच्या, हे खरं. तो तोटा तुला खुपला असता, तो कमी करायला तू बसला असतास, तर मी स्वतः चहा पाजला असता तुला.

तू तो ड्रायव्हर उचकटून फेकलास आणि त्या जागी हे "कस्टम" बसवलंस. एक मायक्रोकंट्रोलर, एक मॉस्फेट, एक कपॅसिटर, गेटकडे जाणारा एक रेझिस्टर. खेळ खलास. या पाटीवर करंट ठरवणारा भाग कुठला आहे, दाखव मला. दाखव ना. मी भिंग घेऊन शोधला, मला नाही सापडला. मॉस्फेट उघडला की सेल आणि एलईडीच्या मधे काय उरतं? तारा, टाके, स्प्रिंग आणि सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध. मग करंट कोण ठरवणार? हातात जो सेल येईल तो. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला तुझा सेल घातला तर मला ४.१ अँपियर मिळाले. लॅबच्या कपाटातला, जास्त करंट देणारा चांगला सेल घातला तर ५.२. टॉर्च तोच, एलईडी तोच, तुझी पाटी तीच. सेल बदलला आणि करंट एका अँपियरने सरकला. याला ड्रायव्हर म्हणत नाहीत रे, याला स्विच म्हणतात, आणि स्विच टॉर्चला आधीपासून होताच.

डायोडचा कर्व्ह काढून घेतला होता तुमच्याकडून, ग्राफ पेपरवर, पेन्सिलने. तीन व्होल्टच्या पुढे रेघ कशी उभी चढते ते आठव. व्होल्टेज शंभर-दोनशे मिलिव्होल्टने वाढलं की करंट कुठल्या कुठे जातो. वर एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं, मग तो त्याच सेलमधून आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. हे सगळं तुझ्या जर्नलमध्ये आहे, सुवाच्य अक्षरात. दहापैकी नऊ दिले होते मी. चुकलंच ते, असं आता वाटायला लागलंय.

हं, आलं "पण सर". पीडब्ल्यूएमने साठ टक्क्यांवर आणलंय म्हणतोस. सरासरी साठ टक्क्यांवर आणलीस. पीडब्ल्यूएम म्हणजे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू आणि बंद. बंद असताना शून्य, चालू असताना पूर्ण ५.२. म्हणजे जेव्हा जेव्हा एलईडी पेटतो तेव्हा तेव्हा तो मर्यादेबाहेरच असतो. शिवाय करंट जितका जास्त, तितका दर वॅटमागचा उजेड कमी, हा एलईडीचा स्वभाव. ३ अँपियर अखंड दिलेस तर जेवढा उजेड पडेल तेवढा ५.२ चे तुकडे करून पडत नाही, सेलमधून मात्र जवळपास तेवढाच करंट जातो. तुझा मंद मोडसुद्धा उधळ्या आहे.

मोजलं होतंस, मान्य. मागचं झाकण काढून, मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या भोकात प्रोब घालून, एक टोक सेलला आणि एक नळीच्या कडेला. ३.६ आले. "थोडंच जास्त आहे" म्हणून खूश झालास. त्या प्रोबच्या वायरींत तांबं किती असतं कधी सोलून पाहिलंस? त्या वायरी, मीटरमधला शंट आणि फ्यूज मिळून शंभरेक मिलिओहम तू स्वतःच्या हाताने सर्किटमध्ये घातलेस. जिथे सगळा मामलाच ऐंशी-नव्वद मिलिओहमचा, तिथे आणखी शंभर घातलेस, आणि आकडा कमी आला म्हणून निर्धास्त झालास. मोजायला गेलं की सर्किट बदलतं, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. असा करंट मोजायचा तर झाकणाच्या जागी जाड तांब्याच्या तारेचा आखूड वळसा टाकायचा आणि त्याभोवती टाँग टेस्टर धरायचा. डीसीचा टाँग टेस्टर. वायरमनकडे असतो तो एसीचा इथे कामाचा नाही. डीसीचा आपल्या लॅबमध्ये आहे, कपाटाच्या दुसऱ्या खणात, रजिस्टरमध्ये सही केली की मिळतो. रजिस्टर पाहिलं मी. तुझी सही नाही.

आता उष्णता. इथे जरा वेळ लागेल, कारण सॅक इथे जळली.

५.२ अँपियर आणि एलईडीवर साधारण ३.६ व्होल्ट. गुणाकार कर. तोंडी, मोबाइल खिशात ठेव. बरोबर, १९ वॅटच्या जवळ. त्यातले चार-पाच वॅट उजेड होऊन काचेबाहेर गेले. उरलेले चौदा कुठे गेले, याचं उत्तर पाटी बसवताना तुझ्याकडे होतं का? तुझ्या हातातली छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची. तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता तू पाच मिलिमीटर बाय पाच मिलिमीटरच्या एलईडीत ओतलीस. तिने बाहेर पडायचं कुठून? आतल्या चिपपासून एलईडीच्या तळापर्यंत वॅटमागे अडीच अंश, हे डेटाशीटच्या पहिल्याच पानांवर आहे. चौदा गुणिले अडीच, पस्तीस. म्हणजे एलईडीचा तळ साठ अंशांवर असेल तर चिप निदान पंच्याण्णववर. तळाखाली मूळचीच ॲल्युमिनियमची पाटी. तिच्यात वरचं तांबं आणि खालचं ॲल्युमिनियम यांच्यामध्ये वीज अडवणारा पातळ थर असतो, तो विजेला अडवतो तसा उष्णतेलाही अडवतो. २.८ ला चालून जात होतं. करंट दुपटीकडे न्यायचा तर आधी तांब्याची पाटी घ्यायची, जिच्यावर एलईडीचा मधला तळ त्या थराशिवाय थेट तांब्याला टेकतो. तुझा क्रम उलटा. आधी करंट, मग फोड, मग विचार.

आणि पाटीखाली थर्मल पेस्ट! वडापावला चटणी फासावी तशी फासलीयस. पेस्ट दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरण्यापुरती असते. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता ४०० वॅट प्रति मीटर केल्विनच्या घरात, ॲल्युमिनियमची दोनशेच्या आसपास, आणि या पेस्टची एक आकडी. मी पाटी उचलली तर खाली मिलिमीटरभर पांढरा थर. तुला वाटलं, जास्त लावली की जास्त गार. पाटी दाबून धरणारे दोन स्क्रू होते, ते कुठे आहेत? वायरींना अडत होते म्हणून काढलेस. वा!

ये, हे भिंगातून बघ. मधल्या पिवळ्या चौकोनाच्या कडा तपकिरी पडल्यात, दिसतंय? पांढरा एलईडी म्हणजे आत निळा आणि वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, त्याचाच वंशज आहे तो आतला. बेसुमार करंट दिला की सगळं तापतं, पिवळ्याचा वाटा घटतो आणि निळा उघडा पडतो. आणि तू पोरांना सांगत फिरलास की ड्रायव्हर बदलल्यावर उजेड मस्त कूल व्हाइट झालाय. कूल झाला नाही, मरायला टेकलाय.

खडू घे. टॉर्चचं वजन, सेल सोडून, दीडशे ग्रॅम. ॲल्युमिनियमचा विशिष्ट उष्मा ०.९ जूल. म्हणजे १३५ जूलला एक अंश. सेकंदाला १४ जूल येतायत, मिनिटाला ८४०. भाग दे. मिनिटाला सहा अंश. गडावर रात्री २५ अंश धरले तर सहा मिनिटांत साठीच्या पार. हातात असता तर वाऱ्याने आणि तळहाताने त्यातले काही वॅट निघून गेले असते, आणि चटका बसला की माणसाने बंद तरी केला असता. सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळलेल्या टॉर्चला ना वारा ना हात. वर काचेतून निघणारा उजेडही समोरच्या कापडातच जिरतोय, ते भोक त्याचं.

त्याच नळीत सेल बसलेला आहे, हे तुझ्या डोक्यात कधी आलंच नाही. लिथियम-आयन सेल ६० अंशांच्या वर वापरू नका, असं बहुतेक डेटाशीट सांगतात. भरलेल्या ३ अँपियर-तासाच्या सेलमध्ये ऊर्जा किती? ३.६ गुणिले ३ गुणिले ३६००. सुमारे ३९ हजार जूल. आणि तो दोन्ही टोकांना रबरी रिंग घालून, पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेल्या धातूच्या नळीत. आत सेल बिघडून वायू सुटला तर त्याने जायचं कुठे? बोटांच्या फोडांवर निभावलं म्हणून नारळ फोड एखादा, फुशारक्या कसल्या मारतोस!

मला खरं वाईट वाटलं ते प्रोग्राम पाहून. एटीटायनी ८५ वापरलास. त्याच्या पोटात तापमान मोजायची सोय आहे, एडीसीच्या एका चॅनेलवर. फार अचूक नाही, दहा अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून एकदा जुळवून घ्यावी लागते. पण फुकट आहे. बाहेरून एकही भाग लावायचा नाही, पंधरा-वीस ओळी लिहायच्या: पन्नासच्या पुढे गेला की उजेड उतरव. या पंधरा ओळींनी ती सॅक वाचली असती. त्याऐवजी तू काय लिहिलंस? स्ट्रोब, एसओएस, पोलिसांच्या गाडीसारखी लुकलुक, आणि टॉर्च चालू होताना मोर्समध्ये स्वतःची आद्याक्षरं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आद्याक्षरं बरोबर चमकतात, तपासली मी.

बाकीचं भराभर सांगतो. मॉस्फेटच्या गेटला ग्राउंडकडे ओढून धरणारा रेझिस्टर नाही, त्यामुळे सेल घातल्यापासून कंट्रोलर जागा होईपर्यंत गेट अधांतरी. ब्राउन-आउटची सेटिंग केलेली नाही. स्प्रिंगला तांब्याची तार जोडलेली नाही, पाच अँपियरला ती एकटी सव्वा-दीड वॅट खाते; बघ, निळी पडलीय, दाबली तर वर येत नाही. बटणाला लॉक नाही. लॉक नव्हता तर निदान शेपूट पाव फेरा सैल करून सॅकमध्ये टाक, एवढं तरी त्या पोराला सांगायचंस. आट्यांवर ॲनोडायझिंग आहे, पाव फेऱ्यात सर्किट तुटतं. एक वाक्य लागलं असतं.

आणि एवढं सगळं करून मिळवलंस काय? २.८ चे ५.२ केलेस, करंट ८५ टक्के वाढवलास. उजेड वाढला फार तर चाळीस टक्के, तोही पहिल्या मिनिटात, टॉर्च गार असताना. टॉर्चवर किती मीटर लिहितात ते अंतर कसं काढतात ठाऊक आहे? जिथे उजेड पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचं अंतर. ते उजेडाच्या वर्गमुळाने वाढतं. १.४ चं वर्गमूळ १.१८. शंभर मीटर जाणारा झोत ११८ मीटर गेला. अठरा मीटरसाठी! समोरच्या बुरुजावर झोत मारून पोरं "ओ" करतात, त्या "ओ"साठी. डोळ्याला तर चाळीस टक्क्यांचा फरक शेजारी शेजारी दोन टॉर्च धरल्याशिवाय जेमतेम कळतो. बरेच नामांकित टॉर्चवाले जोरकस मोड मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप खाली आणतात ते त्यांना अँपियर परवडत नाहीत म्हणून नव्हे.

आता दुसरा टॉर्च. मामांना दिलेला. सॅकपेक्षा मला त्याचा राग जास्त आहे.

मामांची शेती जुन्नरकडे. थ्री फेज रात्रीची आली की मोटार चालू करायची, उसाला दारं धरायची. त्यांना टॉर्च कशाला लागतो? बांधावर पुढच्या दोन पावलांत घोणस आहे का ते दिसायला, उसाच्या कडेला डोळे चमकले तर कळायला, आणि पहाटेपर्यंत पुरायला. बुरुजावर झोत मारायला नव्हे. हाच एलईडी ७०० मिलिअँपियरला तीनशेच्या आसपास ल्युमेन देतो आणि चांगला ३ अँपियर-तासाचा सेल त्यावर चार तास ओढतो. सातशे म्हणजे तू कचऱ्यात टाकलेल्या आठ चिपांपैकी दोन. दोन चिपांचं काम होतं! त्याऐवजी तू त्यांच्या हातात अर्ध्या-पाऊण तासात मान टाकणारा टॉर्च दिलास, आतमध्ये लॅपटॉपमधून उपटलेला सेल, आणि सेल संपत आल्याची खूण काहीच नाही. उसाच्या मधोमध विझला असता तर?

हा त्यांच्याकडून परत आलेला सेल. मीटरवर १.९ व्होल्ट. तू उतरत्या व्होल्टेजवर बंद व्हायची सोय केलीच नाहीस, दोन रेझिस्टर वाचवलेस, हे एक झालं. पण अडीच-पावणेतीनच्या खाली एलईडी धड पेटतही नाही, मग सेल १.९ पर्यंत गेला कसा? सांग. नाही सांगता येत? कंट्रोलरला झोपवायचं तू विसरलास. बाहेरून टॉर्च बंद, आत चिप टक्क जागी, रात्रंदिवस चार-पाच मिलिअँपियर पीत. मामांनी तो कोनाड्यात ठेवला असेल, बिचाऱ्यांना काय कल्पना. इतका खाली गेलेला लिथियम-आयन सेल आतून बिघडायला लागतो. ॲनोडच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको तिथे जमतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल पुन्हा चार्ज करत नाहीत. तू केलास. रात्रभर, होस्टेलच्या खोलीत, उशाशी. हे तुझ्याच तोंडून काल त्या पोराला कळलं, कारण "सेल चार्ज होत नाहीये, खराब निघाला" अशी तक्रार तू करत होतास. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि त्याच्या बदल्यात मामांना जो नवा पाठवणार होतास तो हा, निळ्या वेष्टनाचा. वर छापलंय ९८०० एमएएच. आणि तू त्यावर विश्वास ठेवलास! चांगल्या कंपन्यांचे १८६५० चे सेल साधारण साडेतीन हजारांपर्यंत जातात. त्याच आकाराच्या डब्यात तिप्पट माल कोण भरून देतंय, तेही निम्म्या किमतीत? वजन कर त्याचं, तराजू तिथे आहे. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. कर, मी थांबतो. किती? एकतीस. आता बोल.

हे सगळं मी वर्गातल्या ढ पोराला सांगितलं नसतं. त्याची पाटी काढून घेतली असती आणि विषय संपवला असता. तुझे टाके पाहिले मी भिंगातून. आठ पायांची चिप, साध्या आयर्नने, हाताने. दोन पायांमध्ये कुठे पूल नाही, एक टाका मातकट नाही. असे टाके या वर्गात दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याला हात नाही त्याच्याकडून टॉर्च पेटलाच नसता, कुणी भाजलंही नसतं. तुझ्या हातात कला आहे, म्हणून लोक तू दिलेली वस्तू न तपासता खिशात घालतात. मामांनी विचारलं का, यात किती अँपियर जातात? भाच्याने केलंय म्हटल्यावर कोण विचारतंय!

लिहून घे. कागद नसेल तर हातावर लिही.

ड्रायव्हर नव्याने करायचा आहे, आणि तुलाच करायचा आहे. एलईडीच्या वाटेत १० मिलिओहमचा सेन्स रेझिस्टर घाल. ३ अँपियरला त्यावर ३० मिलिव्होल्ट पडतील, तोटा वॅटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्या ३० मिलिव्होल्टची तुलना ऑप-अँपने कर आणि मॉस्फेटचं गेट त्याच्या ताब्यात दे. लगेच तपकीर गल्ली गाठून एलएम ३५८ आणू नकोस, स्वस्त मिळतो म्हणून. त्याचा ऑफसेट सात मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. तिसात सात म्हणजे किती टक्के चूक, ते तू काढ. शिवाय सेलच्या ३.७ व्होल्टवर त्याचं आउटपुट दोन-सव्वादोनच्या वर चढत नाही, गेट धड उघडणारच नाही. कमी ऑफसेटचा, रेल-टू-रेल शोध. कुठला ते मी सांगणार नाही, डेटाशीट वाचून तू मला सांगायचंस. कमाल करंट २.८, एक मिलिअँपियर वर नको. ३ व्होल्टला बंद, ५० अंशांना उतार, बटणाला लॉक, कंट्रोलरला झोप. मोर्स काढून टाक. तांब्याची पाटी, दोन्ही स्क्रू जागेवर, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. मग टाँग टेस्टरने मोज, तीन वेगवेगळ्या सेलवर, आणि तिन्ही आकडे सारखे आले तरच माझ्याकडे ये.

सॅकचे पैसे तू भरायचे आहेत. त्या पोराकडे जाऊन "पॉवरफुल आहे ना" हे वाक्य परत घ्यायचं आहेस. हे दोन्ही सेल इथेच राहतील, मागू नकोस.

आता मोबाइल काढ. हो, आता काढ. मामांना फोन लाव आणि सांग की तो टॉर्च वापरायचा नाही, त्यात दुसरा कुठलाही सेल घालायचा नाही. इथे, माझ्यासमोर. स्पीकरवर.